सेल्फ मारला की नुसतं 'टक'. बॅटरी नवी, तरी गाडी घेत नाही

रानजाई:

नमस्कार. गाडीबद्दल इथे पहिल्यांदाच विचारतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडी २००८ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, एक लाख चौदा हजार किलोमीटर झालेली. आम्ही सावर्ड्याजवळ राहतो. सासऱ्यांना सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी चिपळूणला न्यावं लागतं. पहाटे साडेपाचला निघतो. ह्यांची नोकरी मस्कतला, त्यामुळे गाडी मीच चालवते.

गेला महिनाभर असं होतंय: चावी फिरवली की 'टक' असा एकच आवाज येतो, कधी दोनतीनदा टकटक, आणि पुढे काही नाही. इंजिन हलतसुद्धा नाही. मग चौथ्या-पाचव्या वेळी एकदम सुरू होते, जसं काही झालंच नव्हतं. पावसाच्या सकाळी त्रास जास्त. दुपारी उन्हात उभी असेल तर बहुतेक वेळा लगेच घेते.

पहिल्यांदा झालं तेव्हा बॅटरीच्या दुकानात गेले. जुनी चार वर्षांची होती, बदला म्हणाले, बदलली. चार हजार आठशे रुपये गेले. दहा दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. आता एका मेकॅनिकने सेल्फच (इंजिन सुरू करणारी मोटर) बदलायला सांगितलाय. रिकंडिशन केलेला साडेतीन हजार, नवा सात हजारांच्या पुढे. पैसे देण्याआधी विचारावं म्हटलं.

संबंध असेल-नसेल, पण आणखी काही गोष्टी सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुराच्या वेळी आम्ही चिपळुणात राहत होतो. गाडीत सीटपर्यंत पाणी होतं. तेव्हा सेल्फ खोलून साफ केला होता, म्हणून मलाही संशय सेल्फवरच आहे. यंदा मे महिन्यात क्लचप्लेट बदलली. आणि हल्ली अ‍ॅक्सिलरेटर जड झालाय, पाय उचलला तरी लगेच वर येत नाही.

सध्या गाडी घरापासून लांब, वाडीच्या वरच्या उतारावर लावून ठेवते. नाहीच घेतली तर हँडब्रेक सोडून दुसऱ्या गिअरमध्ये सुरू करते. पण गेल्या सोमवारी सासऱ्यांना अंधारात, पावसात, त्या उतारापर्यंत चालवत न्यावं लागलं. ते मला पुन्हा करायचं नाही. घरात मल्टिमीटर आहे, मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेला. तो वापरून मला घरी काय तपासता येईल?

घाटमाथा:

एकच टक म्हणजे सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फवरच्या विजेच्या स्विचचे, कॉन्टॅक्ट जळालेत. सेल्फवर पान्याने हलकेच ठोकून बघा, घेतली तर सेल्फच खराब. माझ्या जुन्या जीपला असंच होतं. पुरातला सेल्फ आहे म्हणताय, तर बदलूनच टाका.

जुना वायरमन:

ताई, अजून काहीही बदलू नका.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. तुमची पोस्ट दोनदा वाचली. सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे: अ‍ॅक्सिलरेटर जड झालाय. त्यावर येतोच, आधी आवाजाबद्दल.

सेल्फ बोलतो, फक्त ऐकता आलं पाहिजे. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही, तर करंट सोलेनॉइडपर्यंत पोचतच नाही. चावीचा स्विच, रिले, फ्यूज, तिथली वायर बघायची. मशीनगनसारखं टकटकटकटक झालं आणि डॅशबोर्डचे दिवे मालवायला लागले, तर बॅटरी उतरलेली किंवा तिचे टर्मिनल ढिले. मोटर घुर्रकन फिरते पण इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्स गेला, म्हणजे मोटरला इंजिनशी जोडणारा भाग. खरखर दात घासल्याचा आवाज आला तर पिनियनचे (सेल्फच्या छोट्या दातेरी चाकाचे) नाहीतर इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या रिंगचे दात बघावे लागतात.

तुमचा आहे तो एकच टक. ह्यात सोलेनॉइड ओढला जातो, म्हणजे चावीकडून येणारी वायर ठीक आहे. पुढे मोटर फिरत नाही, ह्याची कारणं तीन-चार आहेत आणि बाहेरून सगळी सारखीच ऐकू येतात. कॉन्टॅक्ट जळालेले, मोटरला वीज पोचवणारे कार्बन संपलेले, बुश (दांड्याचा आधार) झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) अडकलेलं, किंवा जाड केबलच्या वाटेत कुठेतरी सांधा गंजलेला. म्हणून नुसत्या आवाजावरून सेल्फ बदलणं म्हणजे अंदाजावर सात हजार. आणि घाटमाथा, ठोकल्यावर घेतली म्हणजे सेल्फच, हेही खरं नाही. ठोकल्याने केबलचा लगही, म्हणजे टोकाची धातूची कडीही, हलतो. शिवाय हल्लीच्या छोट्या सेल्फमध्ये कॉइलऐवजी चिकटवलेले चुंबक असतात. जोरात ठोकलं तर ते फुटतात आणि मग खरंच नवा घ्यावा लागतो.

आता अ‍ॅक्सिलरेटर. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे. त्यांना बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी एक जाड अर्थिंगची पट्टी किंवा केबल असते, बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या बोल्टला. सेल्फ लावताना शंभर ते दोनशे अँपिअर करंट तिच्यातून परत जातो. ती तुटली किंवा गंजली की करंट दुसरी वाट शोधतो. बॉडीकडून इंजिनकडे जाणारी धातूची वस्तू कोणती? अ‍ॅक्सिलरेटरची केबल. क्लचची केबल. बारीक तारेतून एवढा करंट गेला की ती तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं आणि केबल जड होते. नोकरीत मी हे कितीतरी वेळा पाहिलंय. ड्रायव्हर सांगायचा अ‍ॅक्सिलरेटर चिकटतो, आणि सापडायची अर्थिंगची पट्टी.

त्यात तुमची क्लचप्लेट मे महिन्यात बदललेली. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे ती केबल सोडावीच लागते. परत कशी बसवली, बोल्ट किती कसला, हे बघायला हवं.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या. पॉझिटिव्ह आणि बॉडी ह्यांच्यामध्ये धातू आला तर क्षणात लालभडक होतो, ही भीती दाखवायला सांगत नाही. चावी फिरवायला दुसरं माणूस पाहिजे.

आधी काही न लावता बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी. मग चावी फिरवताना तिथेच किती उरतात ते बघा. त्यानंतर खरी परीक्षा: मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लिपवर नाही, शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग किंवा तेलाचा थर नसेल तिथे. चावी फिरवू द्या आणि आकडा लिहून घ्या. मग लाल पिन बॉडीच्या एखाद्या बोल्टवर टेकवून पुन्हा. ह्या बाजूला ०.२, फार तर ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. तेवढं करून इथे लिहा.

मांडवीकाठ:

वायरमनकाकांशी सहमत. माझी गोष्ट उलटी आहे, म्हणून लिहितो. पणजीत माझ्या गाडीला हाच एक टक यायचा. मी अर्थिंग, केबल सगळं मोजलं, दोन्ही बाजूंना जवळजवळ शून्य. दिवेही मंद होत नव्हते. सोलेनॉइडमधून मोटरकडे जी छोटी जाड वायर जाते तिच्यावर मोजलं तर टक झाल्यावर पुरे १२ व्होल्ट होते, तरी मोटर मेल्यासारखी. म्हणजे वीज दारापर्यंत येते आणि आत जात नाही. खोलला तर चारपैकी दोन कार्बन इतके झिजले होते की स्प्रिंग टेकतच नव्हती. कार्बनचा पूर्ण सेट आणि मागचा बुश बदलला. कार्बन ज्यावर टेकतात तो कम्युटेटर बारीक काचपेपरने पुसला (एमरी वापरू नका, तिचे कण वीज वाहतात आणि खाचांत बसतात). सेल्फ आजही तोच आहे.

म्हणजे रानजाई, आकडा शून्याजवळ आला तर सेल्फ खोला, मोठा आला तर केबल बघा. आवाज दोन्हीकडे एकच.

रानजाई:

काका, मोजलं. मुलाने चावी फिरवली, तो नववीत आहे. आधी त्याला न्यूट्रल म्हणजे काय ते दाखवून घेतलं. पाऊस थांबला होता, पण गाडी रात्रभर भिजलेली होती.

काही न लावता बॅटरी: १२.५६
चावी फिरवल्यावर (टक झाला, इंजिन नाही) बॅटरी: १२.०
निगेटिव्ह खांब ते बॉडी: ०.०६
निगेटिव्ह खांब ते इंजिन: आकडा नाचत होता, ६ ते ८ च्या मध्ये

शेवटचं चारदा केलं, कारण माझा विश्वास बसेना. लाल पिन दुसऱ्या ठिकाणी, इंजिनच्या हुकावर टेकवून बघितली, तेच. मग तुमचं वाचून अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला. इंजिनकडच्या टोकाला ती कोमट लागली. इंजिन सुरूच झालेलं नव्हतं, मग ती कशी तापेल?

जुना वायरमन:

सापडलं. सेल्फला हात लावायची गरज नाही.

तुमचे आकडे वाचून दाखवतो. बॅटरी १२.० ला थांबली, म्हणजे तिच्यावर फारसा भार पडलाच नाही. सेल्फने खरा करंट ओढला असता तर ती साडेदहाच्या आसपास खाली आली असती. बॉडीपर्यंत ०.०६, म्हणजे निगेटिव्हहून बॉडीला जाणारी वायर उत्तम. आणि इंजिनपर्यंत ६ ते ८! बारापैकी अर्धे किंवा त्याहून जास्त व्होल्ट वाटेतच खर्च होतात, सेल्फला उरतात चार ते सहा. तेवढ्यात सोलेनॉइड कसाबसा ओढला जातो, मोटर फिरणार कुठून. केबल का कोमट झाली तेही आता कळलं असेल.

खात्री करायची सोपी रीत आहे. जंपर केबल कुणाकडे असेल तर त्यातली एकच घ्या. एक चिमटा इंजिनच्या जाड धातूला, त्या हुकाला चालेल, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. तिचं टोक पॉझिटिव्हजवळ जाऊ देऊ नका आणि पंखा, बेल्ट ह्यांपासून लांब ठेवा. मग चावी फिरवा.

दुकानाच्या बॅटरीने दहा दिवस का बरं वाटलं, हे मनात आलं असेल. बॅटरी बसवताना त्यांनी निगेटिव्हची केबल ओढली, वाकवली. गंजलेल्या सांध्यातला एखादा कोपरा पुन्हा टेकला. मग पाऊस लागला आणि तोही गेला. उन्हात घेते आणि पावसात नाही, त्याचंही कारण हेच.

रानजाई:

शेजारच्या टेम्पोवाल्या दादांकडे जंपर केबल मिळाली. जोडली, चावी फिरवली, पहिल्या झटक्याला सुरू! महिनाभरात सेल्फचा असा आवाज ऐकला नव्हता. पाच वेळा बंद करून पाच वेळा सुरू केली. सासरे पडवीत बसले होते, त्यांनी तिथूनच विचारलं, झाली का गं?

आता ती कायमची कशी करायची ते सांगा. केबल मला वरून दिसते, पण तिचं खालचं टोक बॅटरीच्या ट्रेखाली जातं.

कॅल्गरीकर:

वाचून फार आनंद झाला. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याने ह्याच पट्ट्या कुजतात. उणे वीसमध्ये बॅटरीची ताकद तशीच निम्म्यावर येते, त्यामुळे सगळे आधी बॅटरीला दोष देतात. मी दर ऑक्टोबरमध्ये अर्थिंगचे बोल्ट सोडून, घासून परत बसवतो. वीस मिनिटांचं काम.

जुना वायरमन:

ताई, आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, १० चा पाना लागेल. नेहमी निगेटिव्ह पहिला सोडायचा आणि शेवटी जोडायचा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते, आणि चार्ज होताना बॅटरीतून निघालेला हायड्रोजन तिथेच रेंगाळत असू शकतो. मग पॉझिटिव्ह, मग बॅटरीची पट्टी, बॅटरी उचलून बाहेर. वजन दहा किलोच्या आसपास असतं, मुलाला धरायला लावा. ट्रे काढला की गिअरबॉक्सवरचा बोल्ट दिसेल, बहुधा १२ चा पाना. गाडीखाली जाऊ नका, वरूनच हात पोचेल. पोचला नाही तर थांबा आणि लिहा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, कितीही घाई असली तरी.

केबल काढून लगाजवळचं आवरण चाकूने इंचभर सोलून बघा. आत तांबं तांब्यासारखं असेल तर लग, बोल्ट आणि गिअरबॉक्सची जागा काचपेपरने चकचकीत घासून परत बसवा. आत हिरवं-काळं असेल तर ती केबल गेली, घासून उपयोग नाही. गंज आवरणाखालून पुढे चढत जातो. नवी करून घ्या: २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, जुन्याएवढी लांब, दोन्ही टोकांना तांब्याचे लग, मशीनने दाबलेले. हातोडीने ठोकलेला लग घेऊ नका. टोकांवर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवायला सांगा. बोल्टखाली दातेरी वॉशर टाका. सगळं घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी नाही, आधी धातूला धातू टेकला पाहिजे.

मग पुन्हा तेच आकडे मोजा. ते पाहिल्याशिवाय मी झालं म्हणणार नाही.

रानजाई:

काल रविवारी काम केलं. एकूण अडीच तास लागले, त्यातला पाऊण तास फक्त ट्रेचा एक गंजलेला बोल्ट सोडवण्यात.

गिअरबॉक्सवरचा बोल्ट हातानेच फिरला, पान्याची गरज पडली नाही. मे महिन्यात तो पुरता कसलाच नव्हता. लगाखाली पांढरट-हिरवी भुकटी होती. आवरण सोललं तर आत तुम्ही म्हणालात तसंच, काळपट हिरवं, आणि बोटाने चोळल्यावर तारा तुटून हातात आल्या. आणखी सोलत गेले तर चार इंचांवर गेल्यावर कुठे तांबं दिसलं. पुराचं पाणी तिथे चार वर्षं मुरत असेल, असं मला वाटतं.

नवी केबल आदल्या दिवशीच चिपळुणात एका ट्रक वायरिंगच्या दुकानातून करून आणली होती. जुनीची लांबी दोरीने मोजून नेली होती. लग आणि स्लीव्हसकट तीनशे चाळीस रुपये. गिअरबॉक्सची जागा मुलाने घासली, चेहरा दिसेल इतकी.

आता आकडे:

निगेटिव्ह खांब ते इंजिन, चावी फिरवताना: ०.११
बॅटरी, चावी फिरवताना: १०.६
सुरू झाल्यावर बॅटरीवर: १४.१

गाडी एका झटक्यात घेते. पण काका, आधी चावी फिरवताना बॅटरी १२.० दाखवत होती, आता १०.६. कमी झाली की! नवी बॅटरी कच्ची तर नाही?

जुना वायरमन:

नाही, हाच बरोबर आकडा आहे. आधी सेल्फ काम करत नव्हता, म्हणून बॅटरी आरामात बारावर बसली होती. आता तो पोटभर करंट घेतोय, म्हणून ती १०.६ ला येते. ९.६ च्या खाली गेली असती तर मी काळजी केली असती. सुरू झाल्यावर १४.१ म्हणजे अल्टरनेटर बॅटरी नीट भरतोय. ०.११ ह्याहून चांगलं तुमच्या वयाच्या गाडीत मिळत नाही. मुलाला शाबासकी सांगा, जागा घासणं हेच अर्धं काम असतं.

आता एक राहिलं. अ‍ॅक्सिलरेटरची केबल बदला. आतलं अस्तर एकदा वितळलं की तेल घालून सुधारत नाही, आणि पाय उचलल्यावर न सुटणारा अ‍ॅक्सिलरेटर उतारावर फार वाईट. ती बदलेपर्यंत घाटात नेऊ नका. क्लचची केबलही हाताने चालवून बघा. जड नसेल तर राहू द्या.

रानजाई:

क्लच हलका आहे. अ‍ॅक्सिलरेटरची केबल रत्नागिरीहून मागवलीय, बुधवारी येईल म्हणाले. आज सोमवार होता. चिपळूणला जावंच लागलं, हळू नेली. पहाटे मुसळधार पाऊस होता. गाडी रात्रभर दारातच, अंगणात सपाटीवर लावली होती. सासरे पडवीतून तीन पायऱ्या उतरून थेट आत बसले.